टण का भद

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी गंज शिकवते. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एकीत साधं पाणी नि वर हवा, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी नि त्यावर तेलाचा थर, तिसरीत नुसती कोरडी हवा. चार दिवसांनी पोरं नळ्या बघायला येतात नि पहिल्या नळीतला खिळा तांबडा झालेला बघून खूश होतात, जणू काही जत्रेत आलीत. एकवीस वर्षं हेच करतेय. त्यामुळं या बाईला गंज कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. मी स्वतःही म्हणत नाही.

माझे वडील, आबा, रहिमतपूरला राहतात. तोफखान्यात होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या भागात फौजेतनं परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे तेही गावाचे मेजर. तोफांनी त्यांचे कान खाल्ले. उजवा पार गेला. डाव्यात थोडं येतं, तेही कानाजवळ तोंड नेऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललं तर. मी हौसेनं कानाचं मशीन आणून दिलं होतं. आठवडाभर घातलं नि मग कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, ह्यात सगळा गाव एकदमच बोलतोय.

आई होती तोवर मशीनची गरजही पडली नाही. बँकेत, दवाखान्यात, साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमध्ये, कुठंही गेलं की ती त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहायची. समोरचा काय बोलला ते ऐकायची नि वाकून जेवढ्याला तेवढं कानात सांगायची. कुणी हळूच म्हणालं की मेजरला काय कळतंय, तर तेही सांगायची. आबा हसायचे नि तो माणूस तोंड लपवत पळायचा. बाई तशी वस्ताद होती.

आई गेली नि ते काम माझ्याकडं आलं. कुणी दिलं नाही, आपसूक आलं. दर दुसऱ्या रविवारी मी सांगलीहून पॅसेंजर धरायची नि रहिमतपूरला उतरायची. आबांनी पंधरा दिवसांचं ऐकायचं साठवून ठेवलेलं असायचं. पेन्शनच्या ऑफिसला फोन लावायचा. शेजारी बांधावरनं काहीतरी बोलून गेला, काय म्हणाला ते विचारून यायचं. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. लहानपणी हा माणूस वर्षातनं दोन महिने दिसायचा, तेही अंगणात खुर्ची टाकून बूट पुसताना. पन्नाशीला टेकल्यावर तो माझ्या वाट्याला आला, डाव्या कानापुरता का होईना. गावातल्या बायका म्हणायच्या की लेकीनं आईची जागा घेतली. मी वरून 'छे, छे' म्हणायची नि आतनं फुगायची.

आता गाडीचं. फौजेनंतर आबांनी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर नोकरी केली नि ती सुटली तेव्हा एक छोटी तांबडी गाडी घेतली. नवी कोरी. माणसाला ऐकू येत नाही नि गाडी चालवतोय म्हणून आम्ही सगळे बोंबललो. ते म्हणाले, हॉर्न दुसऱ्यांसाठी असतोय, माझ्यासाठी आरसे हायेत. आणि खरंच, इतकी वर्षं गाडीला ओरखडा नाही. फौजेत एक म्हण आहे म्हणे, हलतंय त्याला सलाम ठोका नि हलत नाही त्याला चुना लावा. आबांनी आयुष्यभर तेच केलं. फाटक, पाण्याची टाकी, चुलीमागची भिंत, काही दिसलं की रंग.

पण मधे महापुराचं वर्ष आलं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही नि ते सांगायला मला लाज वाटते.

त्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंचा खुबा मोडला होता. त्यांना व्यायामाला रोज मिरजेला न्यायचं होतं, रिक्षात त्यांना बसता येईना. आबांनी आपणहून गाडी आणून दिली. किल्ली देताना एकच बोलले, पाण्याचं बघ. मला रागच आला. सांगलीत लग्न करून आलेल्या बाईला रहिमतपूरचा माणूस पाणी शिकवतोय.

आमचं घर नदीकडच्या जुन्या भागात. बोळाच्या तोंडाशी एका घराला तीन दगडी पायऱ्या आहेत. सासरची माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आली की पाणी दुसऱ्या पायरीला शिवतं नि मागं फिरतं. आम्ही नदीकाठची माणसं रेडिओचं ऐकत नाही, भोंगा लावून फिरणाऱ्या जीपचं ऐकत नाही, पायरीचं ऐकतो. पाणी पहिल्या पायरीला लागलं तेव्हा शेजारच्यांनी गाड्या काढून विश्रामबागेकडं नेल्या. आमच्यात मात्र तांदळाचे डबे वर चढवणं नि सासूबाईंना खुर्चीसकट माडीवर नेणं चालू होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. आबांना फोनवर काही येत नाही, म्हणून तिनं विचारलं, "त्ये इचारत्यात, गाडी वर काढली का?"

मी म्हणाले, "काढली."

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. घामाघूम झालेली, डोक्यावर डबा, तोंडातनं निघालं. तासाभरात काढणारच होते. मला फोनवर मागनं आईचा आवाज ऐकू आला, मोठ्यानं, सुटा सुटा: "काढली म्हणत्या." आणि मग आबांचं समाधानाचं "हां."

दुपारी पाण्यानं तिन्ही पायऱ्या गिळल्या. संध्याकाळी बोळात शिरलं. गाडी दारातच होती. पाच दिवस ती सीटपर्यंत पाण्यात उभी होती नि मी माडीच्या खिडकीतनं तिचं तांबडं टप बघत होते. पाणी उतरल्यावर गाडी ओढून गॅरेजला नेली, सीटा उन्हात वाळवल्या, वायरिंग बदललं, इंजिन उघडलं. सांगलीचा मेकॅनिक भला माणूस होता. म्हणाला, ताई, दारांच्या खाली दोन्ही बाजूंनी लांब पोकळ पट्टी असती, तिच्यात गाळ बसतो. पाणी जायची भोकं बुजत्यात. ती उघडून धुऊन आतनं तेल मारा, न्हाईतर आतल्या आत खात जाईल. मी हो हो म्हणाले. शाळेत पूरग्रस्तांची छावणी, घरात चिखल, सासूबाई अंथरुणाला. राहिलं ते राहिलंच.

दिवाळीत गाडी परत दिली. आबांनी दार उघडून नाक आत घातलं नि म्हणाले, कुबट वास येतोय. मी म्हणाले, सासूबाईंच्या तेलाचा हाय, खुब्याला लावायच्या. आई म्हणाली, बाई गं, कसलं तेल म्हणायचं हे, म्हशीनं बी तोंड फिरवावं. सगळे हसलो. पुढच्या वर्षी आई गेली. तिला कधीच कळलं नाही की तिनं आबांच्या कानात एक खोटं सांगितलं होतं.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनी साताऱ्याला आरटीओत नेऊन परत पासिंग करून घ्यावं लागतं, तिथला साहेब वाकून खालनं बघतो. आबांनी मार्चमध्येच तयारी सुरू केली. गाडी नसली तर ह्या माणसाचं काय उरणार होतं? कँटीन, पेन्शन, कधी मनात आलं तर आईच्या माहेरच्या देवाला एक चक्कर. एसटीत कंडक्टर काय म्हणतो ते कळत नाही नि उतरायचं गाव निघून जातं. गाडीत तरी कुणाला काही विचारावं लागत नाही. "ही गेली की मी खुर्चीवर," असं मला सरळ म्हणाले होते.

मी गेले त्या रविवारी परसात गाडीची पुढची चाकं काढलेली होती नि गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. गॅरेजवाले गाडी उचलून जिच्यावर टेकवतात ती तीन पायांची घोडी. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीनं त्या आणून दिल्या होत्या. रोजे चालू होते तरी बिचारा सकाळी उन्हाच्या आधी येऊन गाडी चढवून गेला होता. त्याचा बाप नि आबा एका वर्गात होते, म्हणून तो आबांना चाचा म्हणतो. आबांनी मला आल्या आल्या सांगितलं, चहा हातात द्यायच्याही आधी, की मिस्त्री म्हणत होता, दाराखाली स्क्रू ड्रायव्हर टोचून बघू का, कुजलं असलं तर लगेच आत जातोय. "मी न्हाई म्हणलं. चांगल्या पत्र्याला कशाला भोकं? म्हणलं, रविवारी माझी पोरगी येती. ती ऐकती."

मला पहिल्यांदा कळलंच नाही काय ऐकायचंय. मग त्यांनी दाखवलं. पाना घ्यायचा नि पत्र्यावर हलकं ठोकायचं. पत्रा चांगला असला तर टण वाजतो, आतनं कुजला असला तर भद. फौजेत गाड्या अशाच तपासायचे म्हणे. गंज वरवरचा आहे का आत गेलाय हे डोळ्याला कळत नाही, कारण दोन्ही तांबडेच दिसतात. आवाजाला कळतं. पूर्वी हाताला बसणाऱ्या झटक्यावरनंही कळायचं, पण आता साखरेनं बोटं बधीर झालेली. कान तर नव्हतेच.

ते जुन्या ताडपत्रीवर पाठ टेकून गाडीखाली सरकले. वय वर्षं शहात्तर. मी बाहेर उकिडवी बसले, डोकं वाकडं करून. ते ठोकायचे नि विचारायचे, "टण का भद?" आणि मी वाकून ओरडायची, "टण." पुढची बाजू, टण. मधला पत्रा, टण. सायलेन्सरच्या आसपास नुसता तांबडा भुगा झालेला, मला वाटलं गेलं, पण तिथंही टण. त्यांनी तारेचा ब्रश फिरवला तसा भुगा गळून आतनं पांढरं लखलखीत लोखंड निघालं. "बघ," म्हणाले, "वरवरचा हाय. माणूस उगंच घाबरतंय." आम्ही दोघं मजेत होतो. मी त्यांना म्हणाले की आबा, आठवीच्या पोरांना तुमच्याकडं आणते, नळ्यांचा खर्च वाचंल. मला ते पुन्हा सांगावं लागलं, जवळ जाऊन, पण हसले.

मग ते डावीकडं सरकले. दाराखालच्या लांब पट्टीवर त्यांनी पाना ठोकला.

भद.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. ठोकल्याबरोबर आत काहीतरी बारीक सळसळत खाली बसलेलंही मला ऐकू आलं. मला त्या क्षणाला सगळं समजलं, मेकॅनिक काय म्हणाला होता तेही नि आत काय भरलंय तेही. मी भद म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं ती पट्टी कापून उघडली असती. आतनं कृष्णेचा गाळ पडला असता. मग त्यांनी विचारलं असतं की गाडी वर काढली होती तर गाळ कुठनं आला. आणि मग माझ्या एकटीचं खोटं उघडं पडलं नसतं. 'काढली म्हणत्या' असं आईनं सांगितलं होतं. ह्या माणसानं आयुष्यात एकाच बाईचं ऐकलं, अगदी शब्दशः ऐकलं, आणि मी तिच्या तोंडून त्याला फसवलं होतं. हे त्या परसात, तिला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, कसं सांगायचं?

"कसं वाजतंय?" खालनं आवाज आला.

मी म्हणाले, "टण."

ते थांबले. परत ठोकलं. परत भद. "नीट ऐक."

"टण हाय आबा. वरवरचाच हाय."

"हां," म्हणाले नि ब्रश मागितला.

पुढचं सगळं काम आम्ही दोघांनी मिळून केलं आणि झकास केलं, हे सांगताना मला माझीच किळस येते. ब्रशनं सगळं घासलं, पॉलिश पेपर मारला, फडक्याला थिनर लावून पुसलं. मग गंजाचं औषध लावलं. ते लावलं की उरलासुरला तांबडा गंज काळा पडून घट्ट होतो. का होतो ते मी त्यांना समजावून सांगितलं, मोठ्या शहाणपणानं. ते वाळल्यावर रेड ऑक्साईडचे दोन हात नि सगळ्यात शेवटी डांबरासारखं जाड काळं कोटिंग. डाव्या पट्टीचं काम मी त्यांना करूच दिलं नाही. मी म्हणाले, तुमी थकलाय, सरका. मी तिथं एक हात जास्त मारला. ब्रश दाबला की पत्रा किंचित आत जात होता. मी दाबायचं थांबवलं नि हलक्या हातानं मारलं.

पासिंगला मी रजा काढून बरोबर गेले. तिथल्या साहेबानं बॅटरी मारून खालनं बघितलं, वाकून वाकून बघितलं नि कागदावर सही करता करता म्हणाला की गाडी जपलीय. मी ते आबांच्या कानात सांगितलं. त्यांनी अक्षरशः छाती पुढं काढली. येताना त्यांनी आपणहून किल्ली माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत ते शेजारच्या सीटवर बसलेले मी पाहिले नव्हते. रस्ताभर ते खिडकीतनं ऊस बघत होते, मधेच कुणाच्या रानात तुरा आलाय, कुणाचा वाळलाय ते सांगत होते. मला वाटलं, चला, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या सुट्टीत गाडी सांगलीला न्यायची, गुपचूप पट्टी बदलून घ्यायची नि विषय मिटवायचा. असं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण मे महिन्यात सुट्टी आली नि लग्नं आली, जूनमध्ये शाळा सुरू झाली.

जुलैत एका मंगळवारी मी प्रयोगशाळेत होते. मिस्त्रीचा फोन आला. "ताई, घाबरू नका. चाचांच्या हाताला लागलंय."

चाक पंक्चर होतं. त्यांनी नेहमीसारखा जॅक लावला, डाव्या बाजूला, दाराखाली. गाडी उचलली, चाक काढलं, स्टेपनी दोन्ही हातांनी उचलून बसवायला लागले. तेवढ्यात जॅक पट्टीतनं वर आत घुसला नि गाडी बसली. डाव्या हाताची दोन बोटं स्टेपनी नि फरशीच्या मधे सापडली. जॅक आत जाताना पत्रा नक्कीच करकरला असणार, मिस्त्रीनं तर कोपऱ्यावर ऐकलं. ज्याला ऐकू येतं तो माणूस हात काढून घेतो. आबांना काय ऐकू येणार?

खोट्याच्या कपाळी गोटा, असं आमची आई म्हणायची. माझं कपाळ धडधाकट आहे. पॅसेंजरमध्ये बसून मी सारखा हात लावून बघत होते. इतका राग आला होता मला माझा, की समोरची बाई जागा बदलून दुसरीकडं जाऊन बसली.

पोचले तेव्हा गावच्या डॉक्टरनं टाके घालून पट्टी बांधली होती, फोटो काढून पाकिटात दिला होता नि सकाळी साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडं न्यायला सांगितलं होतं. आबा परसात खुर्चीवर बसले होते, बांधलेला हात वर धरून. गाडी अजून तशीच, एका अंगावर कललेली. मिस्त्रीनं जॅक ओढून काढला होता नि तिथं तळहाताएवढं भोक पडलं होतं. भोकाखाली फरशीवर गाळाचा ढीग होता, काळपट, मऊ, चाळलेल्या पिठासारखा. त्यांनी कुणाला तो झाडू दिला नव्हता.

मी जवळ गेले. त्यांनी उजव्या हातानं चिमूटभर गाळ उचलला, अंगठ्यानं चोळला नि माझ्याकडं बघितलं.

"वाजलं हुतं कसं?"

मी डाव्या कानाशी वाकले. "भद."

मग मी सगळं सांगितलं. बहिऱ्या माणसापुढं कबुली पुटपुटता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक शब्द मोठ्यानं, सुटा करून म्हणावा लागतो. गाडी. काढली. नव्हती. मी. खोटं. बोलले. एखादा शब्द नीट निघाला नाही की ते भुवया वर करायचे नि मला तो पुन्हा म्हणावा लागायचा. शेजारच्या परसातली भांडी घासायची थांबली. मिस्त्री उगीच चाकाचे नट शोधत गाडीच्या पलीकडं गेला. ते पायरीचं, तेलाच्या वासाचं, मार्चमधल्या रविवारचं, सगळं मी असं ओरडून सांगितलं. बोलता बोलता रडायला लागले तर त्यांना काहीच कळेना, म्हणून डोळे पुसून ते वाक्य परत म्हटलं.

संपल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईला ठावं हुतं?"

"न्हाई."

"बरं झालं," म्हणाले. गाळ झटकला नि आत जाऊन पडले. मला एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. लहानपणी कधी मारलं नाही त्या माणसानं, आता मारलं असतं तरी चाललं असतं. रात्री भाकरी केली ती त्यांनी खाल्ली, दूध दिलं ते प्यायले. मिस्त्रीनं येऊन सांगितलं की ती पट्टी आतनं-बाहेरनं गेलीय, दुसरी वेल्डिंग करून बसवता येईल, पण तिच्या लगतचा गाडीच्या तळाचा पत्राही वेल्डिंग धरणार नाही, चाचांनी विचार करावा. मी ते कानात सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

सकाळी मिस्त्रीच्या गाडीतनं साताऱ्याला गेलो. दवाखान्यात नेहमीसारखं मी नाव सांगितलं, वय सांगितलं, साखर आहे म्हणून सांगितलं. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. सगळे करतात तसंच त्यांनी केलं. आबांना ऐकू येत नाही म्हटल्यावर ते माझ्याकडं बघून बोलायला लागले. एक बोट वाचेल. मधल्या बोटाचं वरचं पेर चेचलंय, तिथलं रक्त थांबलंय, साखरेमुळं ते भरून यायचं नाही, ठेवलं तर वर पसरत जाईल. ते पेर काढावं लागेल, आजच.

मी वाकून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. पेर काढायचं, आजच, हे दोनदा सांगितलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. टेबलावर फोटोचं पाकीट होतं, ते उजव्या हातानं डॉक्टरांच्या पुढं सरकवलं नि म्हणाले, "साहेब, ह्याच्यावर लिवून द्या."

डॉक्टर म्हणाले, अहो, ताईंनी बरोबर सांगितलं की तुम्हाला. ते त्यांना ऐकू आलं नाही, नि मी ते कानात सांगायला वाकले नाही. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग पेन काढलं नि पाकिटावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं. आबांनी खिशातनं चष्मा काढला, एका हातानं कसाबसा लावला, नि प्रत्येक ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. मी उभ्या उभ्या वाचत होते. मी सांगितलं होतं तेच होतं, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

वाचून झाल्यावर आबा म्हणाले, "बरं. काढा." ते डॉक्टरांना म्हणाले.